अण्णांची मोजणी

अण्णांसमोर टायसनचं नाव काढणारा माणूस एक तर पेणमध्ये नवा असतो, नाही तर त्याला संध्याकाळपर्यंत दुसरं काम नसतं. परवा बँकेच्या रांगेत एका पोराच्या टीशर्टवर टायसनचा चेहरा होता. शर्ट त्याने रस्त्यावरून घेतलेला, चित्रातला बाप्या कोण हे त्याला ठाऊकही नव्हतं. अण्णांनी त्याला उभ्या उभ्या टोकियोला नेलं. ११ फेब्रुवारी १९९०. समोर बस्टर डग्लस, ज्याच्यावर कुणी पैसा लावायला तयार नव्हतं. दहाव्या फेरीत टायसन आडवा, आणि तोंडातून पडलेलं ते दातांचं रबर रांगत शोधतोय! अण्णांनी रांगून दाखवायचं तेवढं बाकी ठेवलं. दरम्यान पोराचा नंबर येऊन गेला होता.

वजन म्हणाल तर भिजलेल्या कपड्यांसकट पन्नास किलो. पण खिशातल्या डायरीत जगातल्या सर्वकालीन श्रेष्ठ दहा बॉक्सरांची यादी आहे आणि तीत बहुतेक सगळे नव्वद किलोच्या वरचे. पहिला अली. दुसरा जो लुई, कारण त्याने अजिंक्यपद पंचवीस वेळा राखलं. रॉकी मार्सियानो एकोणपन्नास लढती लढून एकही हरला नाही, तरी तो चौथ्या-पाचव्यात घुटमळतो. का, तर म्हणे समोर कोण होतं ते बघ. फ्रेझियरला जागा दिलीय, पण ८ मार्च १९७१ ला पंधराव्या फेरीत डाव्या हुकने अलीला पाडल्याबद्दल त्याला अजून माफ केलेलं नाही. आणि दहावी जागा रिकामी. "योग्य माणूस भेटला की बघू," म्हणायचे, जणू मुलीसाठी स्थळ बघताहेत.

मी एकदा म्हटलं, "अण्णा, एखादा मराठी माणूस घाला की."

"मुरलीकांत पेटकर. सांगलीकडचे. फौजेत बॉक्सर. पासष्टच्या युद्धात गोळ्या खाल्ल्या, पाय गेले, आणि बहात्तर साली हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्ण! पिक्चर आल्यावर तुम्हाला कळले ते."

"मग द्या दहावा नंबर."

"त्यांना नंबर देणारा मी कोण?" म्हणाले आणि डायरी मिटली.

सगळा रायगड जिल्हा कबड्डीचा. इथे पोरगं चालायला लागलं की दम धरायला शिकतं. अशा मुलखात हा माणूस बॉक्सिंग घेऊन बसलाय. कबड्डीवाल्यांना म्हणतो, तुमच्यात समोरच्याला मिठी मारली की गुण, आमच्यात मिठी मारली की रेफरी सोडवायला येतो!

हे सगळं एकवेळ चालेल. त्रास आहे तो मोजणीचा.

बॉक्सिंगमध्ये पडलेला माणूस लगेच उठला तरी रेफरीने आठपर्यंत मोजायचंच, असा नियम आहे. हा नियम अण्णांनी संसाराला लावला. फ्रेझियरचा हूक दाखवताना चहाचा कप उलटला की फडकं आणायचं सोडून हे मोजणार, एक, दोन, तीन. नातू पायरीवरून घसरला, मोजणी. त्याची आई धावली तर तिलाच दटावणार, "कोपऱ्यात जा!" वीज गेली की काळोखात यांचा आवाज सुरू; दहाला निकाल देणार, "नॉकआऊट. मेणबत्ती आणा." काकूंनी रागाने अबोला धरला की हे सोफ्याच्या पाठीला रेलून डोळे मिटून घेतात. किन्शासाला १९७४ साली अली असाच दोरांना टेकला होता, फोरमनला मारू दिलं, दमवलं आणि आठव्या फेरीत झोपवलं. काकू म्हणतात, "चाळीस वर्षं टेकलेच आहेत. आठवी फेरी कधी ते विचारा."

एकच जागा अशी की जिथे अण्णांचं तोंड बंद असतं. गणपतीच्या कारखान्यात ते डोळ्यांची आखणी करतात. मूर्ती पाटावर, डाव्या हाताने उजवं मनगट धरलेलं, कुंचल्याचं टोक जेमतेम चार केसांचं. भुवईखालची रेघ ओढताना श्वास धरतात. रेघ संपली की श्वास सोडतात, आणि त्याच श्वासात, "तर काय सांगत होतो, फ्रेझियर..."

त्यांना पुरून उरणारा माणूस एकच, रोह्याचे मेहुणे. धाटावच्या एमआयडीसीत नोकरी आणि कट्टर टायसनवाले. वीस वर्षांचा असताना जगज्जेता झाला, बोला! धावीर महाराजांच्या पालखीला अण्णा सहकुटुंब रोह्याला जायचे. बंदुकांची सलामी होईपर्यंत दोघे गप्प, मग सुरू. मेहुण्यांचा मुद्दा ठरलेला. टोकियोत आठव्या फेरीत आधी डग्लस पडला होता, रेफरीने सावकाश मोजलं, घड्याळात दहा सेकंद कधीच होऊन गेले होते. "भावोजी, तो तिथेच संपला होता." अण्णांचं उत्तरही ठरलेलं. रेफरीची मोजणी तीच मोजणी, घड्याळाला काय विचारता? मग दोघे घड्याळ लावून मोजायचे, आणि दोघांचे आकडे वेगळे यायचे. मेहुणीने पानं वाढली तरी डग्लस उठलेला नसायचा.

गेल्या पावसाळ्यात मेहुणे गेले.

अण्णा तेव्हा काही बोलले नाहीत. मोजलंही नाही, हे काकूंनीच मला सांगितलं. दिवाळीच्या सुमारास डायरी पाहिली तर दहाव्या जागेवर टायसन. मी नुसतं बघितलं. "जागा अडवून ठेवायची किती दिवस?" म्हणाले.

वाटलं, जरा बरं वाटेल त्यांना. म्हणून रोह्याला जाताना मेमूत मी त्यांचीच बाजू घेतली. म्हटलं, "काही म्हणा, रेफरीची मोजणी तीच खरी." तर माझ्यावरच उखडले. "अरे, घड्याळ बघतोस की नाही? दहा सेकंद होऊन गेले होते! डग्लस तिथेच संपला होता!" अगदी मेहुण्यांच्या आवाजात, तसंच मांडीवर थाप मारून. तेव्हापासून हा क्रम पडला आहे. नागोठण्यापर्यंत ते अलीचे असतात, निडीच्या पुढे टायसनचे. त्यामुळे मी पेणला एका बाजूने हरतो आणि रोह्याला दुसऱ्या.

हूक मात्र दोन्ही पक्षांत तोच. परवा कासूला गाडी थांबली होती, अण्णांचा डावा हात फिरला तो शेजारच्या कोळणीच्या पाटीला लागला. सुके बोंबील डब्यात पसरले. अण्णांनी बोट वर करून "एक" म्हणायच्या आत कोळीण उभी राहिली होती.