आकडा आला का?

एके काळी मराठी माणसाचा फोन नंबर हा शेजाऱ्याचा असे. लग्नपत्रिकेवर, दुकानाच्या पाटीवर, 'वधू पाहिजे'च्या जाहिरातीत नंबर छापलेला असायचा आणि त्यापुढे कंसात 'पी. पी.'. म्हणजे यंत्र खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे, बोलणारे आम्ही. टेलिफोनसाठी अर्ज करून वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची, तोवर अख्ख्या चाळीचा कारभार एका काळ्या डबड्यावर चालायचा. काकू जिन्यातून हाक मारत, आम्ही अनवाणी पळत सुटायचो, आणि काकू स्वयंपाकघरातली फोडणी बंद करून आमचं बोलणं संपेपर्यंत दारात उभ्या राहत. फोन ठेवला की विचारत, "मग, मुलाकडच्यांचं काय ठरलं?" आपण सांगायचो. नंबर त्यांचा होता, तेव्हा माहितीवर पहिला हक्कही त्यांचाच.

अशा परंपरेत वाढलेल्या माणसाला आता मेसेजिंग ॲप पहिलाच प्रश्न टाकतं: तुमचा नंबर? नाव नंतर, आणि तेही काहीही चालतं. आमच्या ओळखीत एकाने नावाच्या जागी 'जय मल्हार' टाकलंय, दुसऱ्याने नुसतं टिंब. ॲपला त्याचं सोयरसुतक नाही. नंबर मात्र खरा पाहिजे, तो तुमच्याच हातात पाहिजे, आणि त्याची खातरजमा म्हणून ते सहा आकडे पाठवणार. ते परत टाईप केले की तुम्ही तुम्हीच.

ॲपवाल्यांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. ईमेलचे पत्ते रिकामटेकडा माणूस बसल्या बैठकीला डझनभर काढतो. सिमकार्डाला मात्र ओळखपत्र लागतं, दुकानदार आपल्याला भिंतीसमोर उभं करून फोटो काढतो, आणि एका माणसाच्या नावावर साधारणपणे ९च्या वर सिमं मिळत नाहीत. २००९ साली व्हॉट्सॲप निघालं तेच मुळी या हिशेबावर: पासवर्ड नको, नंबर पुरे. शिवाय फोनमधली नावांची यादी आयतीच हाताला लागते, त्यामुळे ॲप उघडल्या क्षणी दूधवाला, गॅसवाला आणि आपण ज्याला कायम टाळत आलो तो विमा एजंट, सगळे हसतमुखाने समोर हजर.

हिशेब चोख आहे. फक्त तो 'एक माणूस, एक फोन, एक सिम' असं धरून चालतो. आमच्या घराण्यात निम्म्या लोकांची सिमं थोरल्या काकांच्या नावावर आहेत, कारण ती घेतली त्या दिवशी ओळखपत्राची झेरॉक्स त्यांच्याच खिशात होती. आपल्या नावावर किती नंबर चालू आहेत हे सरकारच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर बघता येतं, असं कुणीतरी त्यांना सांगितलं. त्यांनी बघितलं. त्यात एक नंबर आमच्या चुलतबहिणीच्या माजी दिराचा निघाला. घटस्फोट होऊन लेकरं शाळेत जायला लागली, पण तो गृहस्थ अजून काकांच्याच नावाने जगाशी बोलतोय.

आत्याची तऱ्हा आणखी निराळी. ती गुहागर तालुक्यात राहते. मुलाने मस्कतहून पैसे पाठवून घरात वायफाय बसवलं आणि मोठ्या पडद्याचा फोन धाडला, का तर आईचं तोंड रोज दिसावं. पण आत्याचा नंबर तिच्या जुन्या बटणाच्या फोनात. त्यातलं सिम काढायला तिची सक्त मनाई. "त्यात माझे सगळे नंबर आहेत. काढलंस आणि सांडले तर?" शिवाय त्याची बॅटरी आठवडाभर जाते, ही तिच्या मते फोनची एकमेव खरी परीक्षा. अडचण एवढीच की बटणाच्या फोनला घरात रेंज नाही. ती मिळते वरच्या गडग्याशी, फणसाखाली. मोठ्या फोनला वायफाय मिळतं ओटीवर, त्याच्या बाहेर नाही. थोडक्यात, आत्या आहे हे सिद्ध करायला आत्याला एकाच वेळी दोन ठिकाणी असणं भाग होतं.

मे महिन्यात मी तिथेच होतो, तेव्हा हे काम माझ्याकडे आलं. शेजारचा आठवीतला पोरगा बटणाचा फोन घेऊन गडग्यावर चढला, मी मोठा फोन घेऊन ओटीवर बसलो. नंबर टाकला. पडद्यावर उलटे सेकंद सुरू झाले.

"आला का रे आकडा?" मी ओरडलो.

"नाही!"

"अरे, आला का आकडा?"

"आला, आला! पण इंग्रजीत आहे!"

"मग वाच की!"

पोरगं वक्तृत्व स्पर्धेतलं. त्याने संदेश पहिल्या अक्षरापासून सुरू केला आणि आकड्याच्याही आधी, खड्या आवाजात, 'डू नॉट शेअर धिस कोड विथ एनीवन' हे वाक्य साऱ्या वाडीला ऐकवलं.

"काय म्हणतोय?" आत्याने विचारलं.

"कोणाला सांगू नका, असं लिहिलंय."

"मग हा मेला बोंबलतोय कशाला?"

याला उत्तर नव्हतं. अमिताभ बच्चनपासून बँकेतल्या कारकुनापर्यंत सगळे घसा फोडून सांगतात की ओटीपी कुणाला सांगू नका, आणि वयाची सत्तरी गाठलेल्या प्रत्येक मराठी माणसाचं खातं हा आकडा दुसऱ्या कुणालातरी सांगूनच उघडलेलं असतं.

वरून आकडे येऊ लागले. "चार! सात! सात!" पाणंदीने डोक्यावर पातेऱ्याचा भारा घेऊन एक गृहस्थ चालले होते, ते जागीच थांबले. "दोन! सहा! शून्य!" त्यांनी भारा गडग्याला टेकवला, बोटांवर काहीतरी मोजलं आणि आदराने ओटीकडे बघितलं.

"चार सात सात, म्हणजे आठ. दोन सहा शून्य, पुन्हा आठच. अठ्ठ्याऐंशी फुटली काय हो? कल्याण?"

मी त्यांना समजावलं की हा मटका नव्हे. त्यांना ते पटलं नाही. मुंबईहून आलेला माणूस भर दुपारी आकडे घेतोय आणि वर मटका नाही म्हणतोय, यात त्यांना नुसता आपमतलबीपणा दिसला. या चर्चेत आत्याने पडद्यावर नुकतंच हिरवं झालेलं 'पुन्हा पाठवा' हे बटण, छान दिसतंय म्हणून, अंगठ्याने दाबलं. झालं. नवा कोड निघाला की जुना मेला, हा इथला कायदा. अठ्ठ्याऐंशी बाद.

नवा काही येईना. मग ॲपने दुसरी वाट दाखवली: आम्हीच फोन करून आकडा सांगतो. आता आत्या स्वतः गडग्यावर गेली. फोन वाजला. पलीकडे यंत्रातली बाई, एका सुरात, इंग्रजीत, एकेक आकडा सुटा करून सांगणारी. आत्याने आधी ख्यालीखुशाली विचारली. बाई आकडे सांगतच राहिली. आत्या म्हणाली, "हो, कळलं. तुम्ही कुठून बोलताय?" बाईने सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. "बरं, बरं, सांगते त्याला. या एकदा आंब्यांना," म्हणून आत्याने फोन ठेवला. आकडे पोराने शेजारून कान लावून टिपले होते, म्हणून खातं उघडलं. आत्याचं मत मात्र कायम आहे: बाई चांगली होती, पण समोरच्याचं ऐकून घ्यायची सवय नाही.

तर आता गंमत अशी की आमची ही दोन फोनांची सोय सरकारलाच मान्य नाही. २०२५च्या नोव्हेंबरात दूरसंचार विभागाने मेसेजिंग ॲपवाल्यांना आदेश काढला: ज्या सिमवर खातं उघडलं, ते सिम फोनात कायम असेल तरच ॲप चालू द्या. कारण रास्त आहे. इथला नंबर एकदा पडताळून घ्यायचा, सिम फेकून द्यायचं आणि परदेशात बसून इथल्या पेन्शनरांना 'डिजिटल अरेस्ट' करायचं, हा धंदा बराच बोकाळला. पण चोर मस्कतच्याही पलीकडे बसलेला आणि आदेशाच्या पहिल्या फटक्यात सापडणार कोण, तर गडग्याखालची आत्या.

बरं, नंबर तुमच्या हातात आहे, सिम तुमच्या फोनात आहे, म्हणून तुम्ही तुम्हीच ठरता असंही नाही. धाकटा भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. त्याने नवं सिम घेतलं. त्याला आमच्यासारखा आकडा वाचावाही लागला नाही, फोनने आलेला संदेश स्वतःच वाचला, स्वतःच भरला, हिरवी खूण केली. पोरगं खूश.

नंबर नवा नव्हता. आपल्याकडे बंद पडलेला नंबर किमान ९० दिवस बाजूला ठेवतात आणि मग दुसऱ्याला देतात. माणसाचं सुतक दहा दिवसांत फिटतं, नंबराचं ९० दिवस चालतं. पण आधीच्या मालकाचे देणेकरी-घेणेकरी त्याहून चिवट असतात. संध्याकाळी पहिला मेसेज आला: "राम राम मुकादम. टोळी कवा निघती?" मागोमाग दुसरा: "कोयते किती ते कळवा." आधीचा मालक ऊसतोडीचा मुकादम होता. कारखान्याकडून उचल घेऊन त्याने नंबर सोडून दिला असावा, असा आमचा अंदाज. त्याची बाजू आम्ही ऐकलेली नाही. टोळीतली माणसंच ऐन वेळी दुसरीकडे गेली आणि तो मधल्या मध्ये अडकला, असंही असेल. ते जाऊ दे.

भाच्याने नम्रपणे लिहिलं, मी मुकादम नाही. उत्तर आलं, "सगळे असंच म्हणत्यात." त्याने पुरावा म्हणून स्वतःचा फोटो लावला. "पोराचा फुटू लावून सुटशील व्हय?" त्याने कॉलेजचं ओळखपत्र पाठवलं. त्यावर पलीकडून फक्त हसण्याची चित्रं आली. नंबर मुकादमाचा, तो चालू आहे, माणूस उत्तर देतोय. मेसेज पाठवणाऱ्या, कारखान्याच्या चिटबॉयने याहून जास्त पडताळणी करायची कशी? ॲपनेही नेमकी तेवढीच केली होती.

तेव्हा मुकादम, हे वाचत असाल तर एक करा. तुमचा नवा नंबर त्या चिटबॉयला कळवा. उचलीचं तुमचं तुम्ही मिटवा, आम्ही त्यात पडत नाही. पण कारखान्याची मोळी पडायच्या आत टोळी पोचली नाही तर ते पुण्यात वसतिगृहावर गाडी घेऊन येणार आहेत. तेव्हाच पोराची परीक्षा आहे, आणि त्याला ऊस फक्त रसवंतीतला माहीत आहे.