नुसतं बोलायचंच ना?

पनवेलच्या आमच्या घरातला स्टुडिओ म्हणजे सासूबाईंचं भिंतीतलं कपाट. नऊवारींच्या आणि गोधड्यांच्या घड्यांमध्ये माईक लावला की बाहेरचं जग बरंचसं मऊ होतं. बरंचसंच, कारण कोकणात निघालेल्या गाडीचा भोंगा गोधडीला जुमानत नाही, पावसाळ्यात गच्चीवरचा पत्रा आपली स्वतंत्र कादंबरी वाचत असतो, आणि आता तर विमानतळही शेजारी आला आहे. ऑडिओबुकाचा तयार एक तास हाती यावा म्हणून त्या कपाटात कितीतरी तास उकडून निघावं लागतं. पैसे मात्र तयार तासाचेच. मधल्या कुकरच्या शिट्ट्या हिशेबात धरत नाहीत.

२०१७च्या अखेरीस स्टोरीटेल हे ऑडिओबुकांचं अ‍ॅप भारतात आलं, मराठीतही आलं, आणि पुस्तक वाचून दाखवण्याचे पैसे मिळतात ही बातमी घरोघरी पोचली. पोचली, पटली नाही. ‘नुसतं बोलायचंच ना?’ असं विचारणारा माणूस वाईट नसतो. बोलणं त्यालाही येतं, एवढंच. पोहता येत नाही, म्हणून पोहायला शिकवणाऱ्याशी तो घासाघीस करत नाही.

मला कोडं पडतं ते माझ्याच घशाचं. याच घशातून मी सिमेंट विकलं आहे, देवीचे शाप उच्चारले आहेत, एका सम्राटाला भर दरबारातून हाकललं आहे. पण ‘तुम्ही किती घेता?’ असं फोनवर आलं की तोच आवाज पाहुण्यांसमोर गाणं म्हणायला लावलेल्या पोरासारखा पडद्यामागे जातो.

आवाजानं पडद्यामागे राहायची रीत तशी जुनीच. १९४९च्या ‘महल’ चित्रपटातल्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिकेचं नाव होतं कामिनी. कामिनी ही पडद्यावर मधुबालानं केलेली भूमिका. म्हणजे जी नव्हतीच, तिनं गायलं होतं. गळा लताबाईंचा. पुढे रॉयल्टीवरून लताबाईंचं खुद्द रफीसाहेबांशी बिनसलं. रफीसाहेबांचं म्हणणं सरळ होतं: गायलो, पैसे मिळाले, विषय संपला. कायद्यानं गायक-कलावंतांचा रॉयल्टीचा हक्क मानला तो थेट २०१२च्या दुरुस्तीत. माझं मन लताबाईंच्या बाजूचं, जीभ मात्र अजून रफीसाहेबांच्या.

सासूबाईंना रॉयल्टी कळत नाही, बाजार कळतो. हल्ली डोळे अधू झाल्यामुळे त्या पुस्तकं ऐकतात. एकदा माझंच ऐकून ‘ही बाई बरी वाचते’ म्हणाल्या आणि मला ते कुठल्याही पुरस्काराहून गोड लागलं. मी रेकॉर्डिंगला बसले की त्या भाजी चिरायची थांबतात. त्याच मला म्हणाल्या, “अगं, कोळीण बघ. पापलेटचा भाव सांगते आणि दुसरीकडे बघते. तू भाव सांगतेस आणि लगेच ‘पण कमी-जास्त करू’ म्हणतेस. समोरचा कमीच करणार ना!”

मग मी कपाटात शिरून आकड्याची तालीम केली. पहिल्या टेकमध्ये विनवणी आली, दुसऱ्यात दिलगिरी, तिसऱ्यात सम्राज्ञी. चौथा निव्वळ आकडा होता. तो फोनवर उच्चारला आणि ओठ मिटून खिडकीबाहेर पाहत राहिले. पलीकडे शांतता. मग “बरं, बिल पाठवा.”

एवढ्या चटकन? कमीच सांगितलं की काय, या रुखरुखीत बाजारातून बिलबुक आणलं. रकाने छापलेलेच होते: तपशील, नग, दर, रक्कम. सासूबाईंना विचारलं, आवाजाचे नग किती लिहू? त्या म्हणाल्या, “एक लिही. पण दर खोडू नकोस.”