मेणवली : पाहण्याचा शास्त्रोक्त क्रम

मेणवली हे सातारा जिल्ह्यातील वाई तालुक्यातले, कृष्णेच्या काठचे छोटे गाव. वाईपासून अंतर सुमारे तीन किलोमीटर. गावात पाहण्याजोग्या गोष्टी तीन : नाना फडणवीसांचा वाडा, घाट आणि घंटा. पाहुण्यांच्या हिशेबात मात्र चौथी गोष्ट सर्वांत आधी येते, ती म्हणजे शाहरुख खान नेमका कुठे उभा होता ती जागा.

हा मान गावाला २००४ च्या ‘स्वदेस’ने मिळवून दिला. आशुतोष गोवारीकर यांनी उत्तर प्रदेशातले चरणपूर मेणवलीत वसवले. या परिसराला असली सोंगे नवी नाहीत. शेजारच्या वाईने ‘गंगाजल’मध्ये बिहार वठवला आणि ‘दबंग’मध्ये उत्तर प्रदेश. त्यामुळे कृष्णामाईवर गंगेचे काम करण्याची पाळी वारंवार येते, आणि ती ते विनातक्रार करते. वाईला ‘दक्षिण काशी’ ही पदवी पूर्वीच मिळालेली होती म्हणून बरे. नाहीतर ती चित्रपटवाल्यांनी दिली असती. नवल एवढेच की मराठी प्रेक्षक हे उत्तर प्रदेशी गाव पडद्यावर पाहून भारावतो आणि मग तेच पाहायला पुण्याहून सहकुटुंब साताऱ्याच्या दिशेने निघतो.

इतिहासाच्या बाजूने पाहता गाव नानांचे. बाळाजी जनार्दन भानू ऊर्फ नाना फडणवीस (१७४२–१८००) यांना मेणवली १७६८ मध्ये इनाम मिळाली. पेशवाईतल्या साडेतीन शहाण्यांपैकी अर्धे शहाणे ते नाना. कारण उरलेल्या तिघांना बुद्धीबरोबर तलवारही चालवता येई, नानांची सगळी मदार लेखणीवर. हा न्याय थोडा कडकच म्हणावा लागेल. १७६१ मध्ये पानिपतावर जाऊन जिवंत परत येणे आणि पुढे पेशव्यांचा कारभार वर्षानुवर्षे हाकणे, एवढ्यावर अर्धाच गुण पडत असेल तर परीक्षक कोण होते याची चौकशी व्हायला हवी.

वाडा सहा चौकांचा आहे. ही संख्या पुस्तकात पक्की असली तरी प्रत्यक्ष मोजताना तिला फाटे फुटतात. वडिलांचे पाच भरतात, मुलांचे आठ, आणि आजोबा तिसऱ्या चौकातच पायरीवर टेकल्यामुळे त्यांचे मत विचारात घेतले जात नाही. जाड भिंती, लाकडी खांब, भिंतींवरची रंगीत चित्रे हे सारे निगुतीने पाहण्यासारखे आहे. पाहणाऱ्यांपैकी निदान एक जण मात्र चित्रांकडे पाठ करून आपल्या मूळ गावच्या वाड्याचे वर्णन सुरू करतो. तो वाडा याहून मोठा होता, कूळकायद्यात की भाऊबंदकीत गेला, आणि त्याची विहीर अजून आहे. पूर्वजांचा वाडा नव्हता असा मराठी माणूस मेणवलीला येतच नसावा. श्रोत्यांनी ‘हो का?’ म्हणत पुढच्या चौकात सरकावे, असा प्रघात आहे.

या वाड्याची खरी दौलत आज वाड्यात नाही. नाना कागद टाकून देणाऱ्यांतले नव्हते. पत्रे, हिशेब, बातमीपत्रे यांचा जो ढीग त्यांनी मागे ठेवला, तो ‘मेणवली दप्तर’ म्हणून इतिहाससंशोधकांना ठाऊक आहे. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांच्या हाती त्यातले पुष्कळ आले आणि पुढे ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पोहोचले. मोडी लिपीतल्या त्या कागदांवर अभ्यासकांचे डोळे अधू होत आले. पर्यटकांचे मात्र त्यामुळे काहीच अडत नाही. दप्तरापुढे उभे राहून फोटो चांगला येत नाही.

वाड्यामागे नदीकडे उतरले की घाट लागतो. काळ्या दगडाच्या प्रशस्त पायऱ्या, मेणेश्वराचे देऊळ, विष्णूचे देऊळ. ‘इथेच तो सीन आहे’ असे पायऱ्यांवर ठिकठिकाणी ऐकू येते, आणि सगळ्यांचे ‘इथेच’ वेगवेगळे असते.

घाटावरच एका छोट्या देवळीत ती घंटा आहे. पंचधातूची, भली थोरली, १७०७ साल कोरलेली. आणि अंगावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा विजयचिन्हे म्हणून मराठी मुलखात आल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा त्याच घराण्यातली. देवळात टांगताना मेरीची आकृती कुणी घासून काढली नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. आजही भाविक तिला सवयीने हात जोडतात. आई आणि बाळ दिसल्यावर नमस्कार करायला फारसा खुलासा लागत नाही.

कृष्णेच्या वरच्या अंगाला काही किलोमीटरवर धोम आहे. धरणामुळे नाव सर्वांना माहीत, देवळामुळे थोड्यांना. धोमेश्वराच्या पुढे कमळाच्या आकाराचे कुंड आहे. त्यात दगडी कासव आणि कासवाच्या पाठीवरच्या मंडपात नंदी. कुंड भरलेले असले की कासव नंदीला घेऊन पोहत निघाल्यासारखे दिसते. कुंड कोरडे असेल तर, ‘पाणी असताना बघायला पाहिजे हो,’ असे स्थानिक माणूस हटकून सांगतो. महाराष्ट्रातले कोणतेही स्थळ आपण गेलो त्या महिन्यात बघायचे नसतेच, त्यामुळे यात धोमचा वेगळा दोष नाही.

परतताना वाईचा ढोल्या गणपती घ्यावा. १७६२ मध्ये रास्त्यांनी हे देऊळ अगदी नदीला लागून बांधले, आणि पुराचे पाणी दुभंगून जावे म्हणून मागची भिंत माशाच्या आकाराची केली. दर्शन घेणारे सगळे पुढून घेतात, त्यामुळे शिल्पकाराची ही हुशारी पाहायला प्रदक्षिणेला निघालेलेच काय ते पोहोचतात.

वाईत मराठी विश्वकोशाचे कार्यालयही आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. सहलीच्या यादीत हे नाव सहसा नसते. तोवर चार वाजलेले असतात, गाडीतली मुले ‘स्ट्रॉबेरी, स्ट्रॉबेरी’ करू लागलेली असतात, आणि गाडी पसरणी घाटाने पाचगणीकडे चढू लागते.