क्वेरी टाकणाऱ्या डॉक्टरांस

मा. डॉक्टरसाहेब (की डॉक्टरबाई? सहीच्या जागी नुसतं ‘मेडिकल टीम’ छापलेलं असतं),

पत्रास कारण की, आषाढी एकादशीच्या दुपारी माझी ७४ वर्षांची आई न्हाणीघरात घसरून पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला आणि म्हणाले, या वयात थांबायचं नाही, उद्याच ऑपरेशन करू. हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कने कॅशलेसची फाइल आपल्याकडे, म्हणजे विमा कंपनीसाठी दावे तपासणाऱ्या टीपीएकडे, पाठवली. अशा अर्जाचा निर्णय तासाभरात द्यावा, असा नियम विमा नियामकाने २०२४ साली केला आहे. आपण तो पाळलात. तासाच्या आत उत्तर आलं. फक्त ते मंजुरीचं नव्हतं आणि नकाराचंही नव्हतं. क्वेरी होती.

‘रुग्णास रक्तदाब कधीपासून? पहिल्या कन्सल्टेशनचा कागद जोडावा.’

केसपेपरवर नर्सने ‘बीपीची गोळी चालू’ एवढं लिहिलं होतं. मोडलेल्या हाडातून आपल्याला नेमकं तेवढंच दिसलं. नजर असावी तर अशी.

तर ऐका. आईचं बीपी २००४ साली आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांना सापडलं. त्यांनी एका चिठ्ठीवर गोळीचं नाव लिहिलं आणि खाली ‘मीठ कमी’ असं लिहून दोन रेघा ओढल्या. ती चिठ्ठी औषधवाल्याला दाखवून झाल्यावर तिच्या पाठीवर वाणसामानाची यादी लिहिली गेली असणार. आमच्या घरात कोरा कागद वाया जात नाही. पुढे ते डॉक्टर वारले. दवाखान्याच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात. तरीही आपल्या शब्दाचा मान राखून मी रात्री अकराला घरी गेलो आणि माळ्यावरची ट्रंक उपसली. बाबांचं रेशनकार्ड सापडलं. माझं पाचवीचं प्रगतिपुस्तक सापडलं (गणितात काठावर पास). एका मोडलेल्या लग्नाची पत्रिकाही सापडली. बीपीचा जन्मदाखला काही सापडला नाही.

आता मला एक सांगा. ती चिठ्ठी मिळाली असती, तर आपण तिचं काय करणार होतात? पॉलिसी २०११ सालची आहे. बीपी आहे हे त्या वेळच्या अर्जातच लिहिलंय आणि तो अर्ज आपल्याच यंत्रणेकडे आहे. आधीपासूनच्या आजारासाठी थांबायची मुदत आता फार तर ३६ महिने असते. सलग ६० महिने पॉलिसी चालली, की फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज ‘माहिती लपवली’ म्हणून दावा अडवता येत नाही. मी गणितात काठावर पास असलो, तरी २०११ पासूनचे महिने ६० पेक्षा जास्त भरतात एवढं मला कळतं. म्हणजे आईचं बीपी पेशवाईत सुरू झालं असतं तरी आपल्या निर्णयात तसूभर फरक पडणार नव्हता. ज्या प्रश्नाच्या उत्तराशी आपल्याला काहीही देणंघेणं नव्हतं, तो आपण रात्री विचारलात. कोणाला, तर कण्हणाऱ्या बाईच्या मुलाला.

डॉक्टर, इथवर गोड बोललो. आता नाही. ती रात्रभर कूस बदलू शकत नव्हती. सकाळी मी एफडी मोडून डिपॉझिट भरलं, म्हणून ऑपरेशन झालं. ज्यांच्याकडे मोडायला एफडी नसते ते काय करतात, हा प्रश्न आपल्या क्वेरीच्या यादीत आहे का? लाज वाटायला हवी होती तुम्हाला.

बाकीच्या तक्रारी किरकोळ आहेत, म्हणून उरकतो. ग्लोव्हजचे पैसे कापलेत. सर्जनने खुबा उघड्या हातांनी बदलायचा होता बहुधा. खुबा बदललेल्या बाईचा वॉकरही वगळलात. डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत द्यायची असते. सकाळी अकराला गेलेल्या बिलाला रात्री पावणेदहाला उत्तर आलं. मधल्या वेळात आणखी एक क्वेरी होती: ‘पडतेवेळी रुग्णाने मद्यपान केले होते का? उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे सर्टिफिकेट द्यावे.’ सर्जननी चेहरा सरळ ठेवून ‘नाही’ असं लिहून शिक्का मारला. आईने विचारलं, “काय विचारतायत रे?” मी म्हटलं, “उपवास होता का, ते.”

“मग सांग की, निर्जळी नव्हता. साबुदाणा खाल्ला होता,” ती म्हणाली.

या पत्राचा शेवट याहून कडू होणार होता. पण मध्येच मावसबहिणीची मुलगी आईला बघायला आली. ती होमिओपॅथीची डॉक्टर (बीएचएमएस) आहे आणि ठाण्याच्या एका टीपीएत आपल्याच खुर्चीसारख्या खुर्चीवर बसते. तिला मी आपल्या नावाने शिव्या ऐकवल्या. ती शांतपणे म्हणाली, “मामा, मंजूर केलं आणि ऑडिटमध्ये चूक निघाली, तर माझं नाव येतं. नाकारायचं तर फाइल समितीपुढे न्यावी लागते. क्वेरीला कोणी काही विचारत नाही. क्वेरी टाकली की आमच्याकडचं घड्याळ थांबतं.”

घड्याळ थांबतं! म्हणजे माझ्या आईचं बीपी जाणून घ्यायचं नव्हतंच कोणाला. मी ट्रंक उपसत होतो, ती घड्याळाची किल्ली काढून ठेवण्यासाठी.

मग भाची म्हणाली, कॉलेजात साडेपाच वर्षं त्यांना एकच गोष्ट घोटून शिकवली: पेशंटला विचारा. झोप कशी लागते, स्वप्नं कोणती पडतात, गोड आवडतं की खारट. एकेका पेशंटची केस घ्यायला तास लागायचा. आता दिवसभर ती प्रश्नच टाकते, पण पेशंट समोर नसतो. आईशी बोलताना ती सवयीने विचारून गेली, “आजी, पडलीस तेव्हा चक्कर आली होती का गं?”

“नाही गं. साबण पडला होता खाली, त्यावरून पाय सटकला. मला कोणी विचारलंच नाही.”

आपल्या क्वेरीचं उत्तर सोबत जोडलं आहे, डॉक्टर. शोधूनही यात घड्याळ थांबवता येईल असं काही सापडणार नाही, क्षमस्व.

कळावे. लोभ नसला तरी मंजुरी असावी.

आपला,
पॉलिसीधारकाचा मुलगा

ता. क. आईला गोडच आवडतं. बीपीसाठी मीठ कमी केलंय, २००४ पासून.