प्लग न काढणारे नाना

होळी झाली की खान्देशात पत्र्याचे कूलर माळ्यावरून उतरतात आणि पाठोपाठ घरोघरचे नाना शिडीवरून उतरतात. नाना म्हणजे कुणी एक माणूस नव्हे. जळगावच्या पिंप्राळ्यात ते निवृत्त तलाठी असतात, धुळ्याच्या देवपुरात मास्तर आणि भुसावळला अर्थातच रेल्वेतले. मिस्त्री बोलावणं म्हणजे कुळाला बट्टा, यावर मात्र तिघांचंही एकमत. "तो येईल, दोन स्क्रू आवळील अन् तीनशे रुपये घेऊन जाईल!"

दुरुस्तीचा पोशाख ठरलेला. बंडी, लेंगा आणि पायात रबरी स्लीपर. स्लीपर घातली की करंट लागत नाही, ही नानांची श्रद्धा. त्या स्लीपरचा बंद तुटलेला असून तिथे सेफ्टी पिन अडकवलेली असते. 'सेफ्टी'शी नानांचा संबंध तेवढाच. वायर ते दातांनी सोलतात. टेस्टरने डब्यांची झाकणं उचकटून उचकटून त्यातला दिवा केव्हाच गेलेला. त्यामुळे नानांच्या टेस्टरला घरातली कुठलीच तार कधी जिवंत सापडत नाही.

"बटन बंद केलं का?" काकू स्वयंपाकघरातून विचारतात.

"केलं."

"मग प्लगही काढा."

"बटन बंद आहे ना! काई नही व्हत!"

आता बटन तोडतं एकच तार. जुन्या घरात पूर्वीच्या एखाद्या नानांनी वायरिंग करताना फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल केलेली असली, तर बटन बंद, पंखा बंद, पण आत २३० व्होल्ट तस्सेच बसलेले. आणि समजा प्लग काढलाच, तरी मोटारीचा कपॅसिटर थोडा वेळ करंट धरून ठेवू शकतो. नानांचा हात नेमका तिथेच जातो. हात झटकून नाना म्हणतात, "झटका नाही, मुंग्या आल्या."

तिसऱ्या पिनेशी तर त्यांचं उभं वैर. भोकं दोनच असलेल्या बोर्डात प्लग बसेना, म्हणून त्यांनी अर्थिंगची पिन पकडीने तोडून टाकली. वास्तविक ती मुद्दाम लांब ठेवलेली असते. करंट आत येण्याआधी पत्र्याचं नातं जमिनीशी जुळावं म्हणून. कूलरमध्ये पाणी, पाण्यात पंप, भोवती पत्रा आणि पुढ्यात ओल्या फरशीवर अनवाणी नातवंडं. एवढं सगळं जुळून आलेलं असताना नाना पिनेची काटकसर करतात! त्यात अर्थिंगचा कोळसा-मिठाचा खड्डा वैशाखात कोरडा ठणठणीत. आखाजीला पारा ४४ वर गेला, कूलर रात्रंदिवस चालू झाले, की नेमकं तेव्हाच अर्थिंग दुबळं पडतं. काकू तुळशीला पाणी घालता घालता एक कळशी तिथेही ओततात. नळाला पाणी रोज येत नसल्याने नाना त्यावरही कुरकुरतात.

पुण्याच्या मुलाने दिवाळीत, करंट गळला की लाइन तोडणारा ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी बसवून दिला होता. "एमसीबी असताना हे कशाला?" नानांचा सवाल. सोळा अँपिअरचा एमसीबी वायरीला जपतो; माणसाचा जीव घ्यायला त्याच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी करंट पुरतो, हे मुलगा फोनवर सांगत होता, तेव्हा नानांनी फोन काकूंकडे दिलेला होता. उन्हाळा आला. कूलर लावला की ईएलसीबी पडे. तो बिचारा सांगत होता की करंट पत्र्यातून जमिनीत उतरतोय. नानांचं निदान वेगळं: "हे खोकंच खराब आहे." त्यांनी दोन तारा बाहेरच्या बाहेर जोडून खोक्याला सुट्टी दिली.

काकूंनी ते पाहिलं. नाना पेन्शनच्या कामाला बँकेत गेले, तसा त्यांनी बाजारातून वायरमन बोलावला. पंपाच्या वायरीचा जोड सरळ पाण्यात बुडत होता. त्यावर नानांनी गुंडाळलेली, औषधपेटीतली पांढरी चिकटपट्टी. वायरमनने ती हातात धरून काकूंकडे पाहिलं; काकूंनी छताकडे. नवी अखंड वायर, तीन पिनांचा प्लग, त्याला अर्थिंगसकट तीन भोकांचा बोर्ड, ईएलसीबी पुन्हा कामावर. तीनशे रुपये काकूंनी भिशीतून दिले.

संध्याकाळी कूलर विनातक्रार गार वारा देऊ लागला. नाना समोर पाय पसरून बसले.

"पाहिलं? डायरेक्ट केल्यावर कसा चालून राहिला!"

काकू काहीच बोलल्या नाहीत. तेवढ्यात शेजारच्यांचा मिक्सर बिघडल्याचं कानावर आलं आणि नाना टेस्टर घेऊन निघाले. ते फाटकापर्यंत पोचायच्या आत काकूंनी फोन लावला.

"वैनी, आमचे येऊन राहिले तुमच्याकडे. आधी मेन बंद करा. अन् लाइटच गेली म्हणून सांगा!"