अल्फा गेली माळ्यावर

डोंबिवलीत एमआयडीसीच्या निवासी भागात आमच्या शेजारच्या काकांकडे कढीपत्ता मागायला जावं आणि लग्नाची गोष्ट ऐकून यावं. लग्न माणसांचं नव्हे, कंपन्यांचं. काका म्हणजे अख्खा जन्म कॉम्प्युटरच्या खात्यात गेलेला माणूस.

"अगं, डिजिटल नावाचं घराणं होतं. 1992 मध्ये त्यांनी अल्फा चिप काढली. काय वेग होता! 1998 मध्ये कॉम्पॅकनं घराणंच विकत घेतलं आणि 2002 मध्ये एचपीनं कॉम्पॅकला."

"मग अल्फा एचपीकडे नांदली की!"

"कसली नांदते! तिला बंद करायचं कॉम्पॅकनं 2001च्या जूनमध्येच ठरवलं होतं, एचपीशी सोयरीक जाहीर व्हायच्या दोनेक महिने आधी. तिचे इंजिनिअरही इंटेलकडे धाडले. एचपीची स्वतःची पीए-रिस्क चिप, तीही निकालात निघाली. दोघांनी धरली इंटेलची इटेनियम."

"दोन घरं एक झाली की एक मिक्सर माळ्यावर जातो, तसंच."

"इथे दोन्ही गेले! आणि तिसरा आणला तो एकाच दुकानात मिळणारा."

मी काड्या खुडत म्हटलं, "आपल्याला काय त्याचं?"

काका पाण्याचा पाइप हातात धरून तसेच उभे. जास्वंदीच्या आळ्यात तळं. "रेल्वेचं रिझर्वेशन कशावर चालायचं? आधी डिजिटलच्या व्हॅक्सवर, मग अल्फावर, मग इटेनियमवर. तिकडे सोयरीक झाली की इकडे खिडकीमागचं यंत्र बदलायचं. रांगेतल्याला पत्ताही नाही."

अल्फा महाग होती, हे काका सोयीस्कर विसरतात. माहेरचं कौतुक म्हणायचं आणि सोडून द्यायचं.

"म्हणजे इंटेलला रान मोकळं?"

"तसंच वाटलं होतं. पण 2003 मध्ये एएमडीनं ऑप्टेरॉन आणली. 64 बिटची, शिवाय जुने प्रोग्रॅमही झोकात चालवणारी. पुढच्याच वर्षी तिला घरात घेतलं कुणी? एचपीनं! इटेनियम इंटेलबरोबर ज्यांनी घडवली, त्यांनीच. गिऱ्हाईक एवढं मोठं झालं की दुसऱ्या दुकानाची पायरी चढतं गं. मग इंटेललाही त्याच वर्षी झिऑनमध्ये 64 बिट द्यावं लागलं."

"आणि इटेनियम?"

"2021च्या जुलैत शेवटचा माल निघाला. गेली माळ्यावर."

एवढं बोलून काकांनी घाईघाईनं नळ बंद केला. अकराला पाच कमी होते, आणि स्लीपरचं तत्काळ अकराला उघडतं.