पलीकडचे वस्ताद

कढीपत्ता तोडून घ्या की वैनी, विचारता काय! कुंपणावरनं हात पोचतोय. आणि काय म्हणत होता, पहाटे शिट्टी कोण वाजवतं? ते होय, ते आमचे पलीकडचे सर. हायस्कूलला पीटी शिकवतात. तुम्ही कऱ्हाडात नवीन म्हणून विचारलंत. इथं त्यांना वस्तादच म्हणतात. शाळेच्या मागं ती पत्र्याची शेड दिसते ना, ती त्यांची तालीम. अर्ध्यात लाल माती, अर्ध्यात गादी.

त्या मातीचे लाड सांगते. ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर, सगळं जातं तिच्यात. मागं एकदा सर माझ्याकडं ताक मागायला आले. मला वाटलं, पाहुणे आले असतील जेवायला, म्हणून तांब्या भरून दिला. तर त्यांनी मागनं बादली पुढं केली.

गादीची कथा निराळी. मातीत पाठ टेकली की कुस्ती संपली, पण शाळेच्या स्पर्धा असतात गादीवर, तिथं गुण मोजतात. दहा गुणांचा फरक पडला की पंच कुस्ती थांबवतात. मातीतलं पोर चीतपटची वाट बघत बसायचं, तोवर समोरचं पट काढून दोन-दोन गुण घेऊन मोकळं. सर म्हणाले, गादी पायजेच. आणली! पैसे कुठले? पीएफचे. त्या वर्षी सरांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या बाईंच्या, पाटल्या व्हायच्या होत्या. अजून पाटल्यांचा विषय निघाला की सर शिट्टी शोधायला लागतात.

नाही, मी काय त्यांची बाजू घेत नाही. बाईंचं ऐकलं की मलाही राग येतो. सणाला माणूस घरात नाही. दिवाळीत पोरांची शिबिरं, उन्हाळ्यात यात्रांची मैदानं. खुराक न परवडणारी दोन-चार पोरं कायम ह्यांच्याच पंगतीला. बाई बदाम भिजवतात, खसखस वाटतात आणि थंडाई पितात लोकांची पोरं. बाई बोलल्या की सर पैलवान खाशाबा जाधवांचं नाव काढतात. त्यांचं गोळेश्वर इथनं जवळच. १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ मारलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. शिकले इथंच, टिळक हायस्कुलात. जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी म्हणे घर गहाण टाकून ७,००० रुपये दिले. सरांनी ही गोष्ट घरात फार रंगवून सांगितली. बाई ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "आपलं घर दोघांच्या नावावर हाय, ध्यानात असू द्या."

पण एक सांगते. पदकाचा फोटो पेपरात येतो तेवढंच गावाला दिसतं. मी कुंपणाला उभी असते, मला बाकीचं दिसतं. पोरं आली की सर आधी सगळ्यांचे शर्ट काढायला लावतात, काखा, मान, पाठ बघतात. कुणाला गजकर्ण दिसलं की त्या दिवशी घरी. एकाला झालं की गादीवरनं सगळ्यांना होतं. मग स्वतः औषधाचं पाणी करून गादी पुसतात. शिपाई आहे, पण त्याच्या पुसण्यावर विश्वास नाही.

आणि कान! माझ्या भाच्याचा कान सुजून पुरीसारखा फुगला. घासून घासून आत रक्त साचतं. ते लवकर काढून कान दाबून बांधला नाही तर तसाच कडक होऊन बसतो. सरांनी त्याला त्याच संध्याकाळी गाडीवर घालून डॉक्टरकडं नेलं, सुईनं रक्त काढलं, कापसाच्या वळ्या लावून पट्टी बांधली. तर आमचा भाचा रडतोय. दुखतं म्हणून नव्हे हो! पैलवानासारखा मोडका कान पायजे होता त्याला. सर म्हणाले, "आधी कुस्ती शिक, कान मी मोडतो."

वजनाचंही तसंच. स्पर्धेच्या सकाळी काट्यावर उभं करतात. खालच्या गटात बसावं म्हणून काही ठिकाणी पोरांना पाणी तोडून, अंगात रेनकोट घालून पळवतात. सरांना ते चालत नाही. पोर वाढतंय तर वरच्या गटात लढेल, हरलं तर हरलं. आणि वयाचं म्हणाल तर मागं एक पालक दाखल्यावर दोन वर्षं कमी लिहून घेऊन आले होते. सरांनी पोराच्या दाढीकडं बघितलं, दाखल्याकडं बघितलं आणि चहा पाजून परत धाडलं. लोक हसले, आलेलं पदक घालवलं म्हणून. शिवाय खेळाचे गुण दहावीला मिळतात, त्यामुळं आई-बाप इरेला पेटलेले असतात. त्या पालकांनी वर्षभर सरांना रामराम केला नाही.

लेकीचं तर बोलूच नका. सरांची धाकटी पोरांबरोबर बैठका मारायला लागली, तेव्हा ह्या गल्लीत काय काय बोललं गेलं ते मी ऐकलंय. हीच माणसं 'दंगल' बघून डोळे पुसत आली होती. मग २०२३ ला सांगलीत पहिल्यांदा महिला महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडीनं जिंकली, ती सांगलीचीच पोरगी. तेव्हापासनं तोंडं जरा मिटली. आता तालमीत पोरींची वेळ निराळी आहे, आणि तिथं बाई स्वतः खुर्ची टाकून बसतात. होय, पाटल्यावाल्या बाईच! डाव चुकला की आता सरांच्या आधी त्याच ओरडतात.

तुमचा धाकटा सातवीत ना? अंगानं चांगला आहे. मोबाईल घेऊन बसलेला असतो ओट्यावर, बघते मी. फी नाही एक पैशाची, लंगोट तेवढा घ्यायचा. पण धाडायचं तर यंदाच धाडा वैनी. मे महिन्यात सर अठ्ठावन्न पुरे करून रिटायर होतायत, आणि त्यांच्या जागेवर शाळेनं अजून कुणाला घेतलेलं नाही.